हरवलेला इंच

१

हूक लागत नव्हता.

“श्वास आत घे, बाळा,” सोजरबाई म्हणाल्या. तनुजानं घेतला. “अजून घे.” तिनं अजून घेतला. तरी ब्लाउजच्या दोन्ही कडा भांडण झालेल्या जावांसारख्या एकमेकींपासून इंचभर लांबच राहिल्या. लग्न तीन दिवसांवर आलं होतं, आणि तनुजा नवरी होती.

हे घडलं बुधवार पेठेत, वायरी आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या ‘घडी’ स्टुडिओत. स्टुडिओ दीपमाला मॅडमचा. मी ऋतुजा, वय वर्षं सतरा, राहणार विश्रांतवाडी, बारावीची परीक्षा देऊन तिथं आठ आठवड्यांची इंटर्न. घरी आईला इंजिनिअर हवी होती आणि मला फॅशन डिझाइन शिकायचं होतं. शेवटी बाबांनी तोड काढली होती, “उन्हाळाभर काम करून दाखव. मॅडमनी चांगलं पत्र दिलं तर तुझ्या मनासारखं.” म्हणजे माझं अख्खं आयुष्य एका पत्रावर टांगलेलं होतं. निदान तेव्हा मला तसंच वाटायचं.

ऑर्डर होती लोहगावच्या सुशीलाबाईंची. चार ब्लाउज. त्यांचा स्वतःचा, सुनेचा, नवऱ्या मुलीचा म्हणजे तनुजाचा आणि धाकट्या मुक्ताईचा. सुशीलाबाईंचा चपखल बसला होता. सुनेचाही. तनुजाचा बसला नाही. मुक्ताईनं घालून पाहिला, तर तिचाही तसाच आवळला.

“आता काय करायचं ओ मॅडम?” सुशीलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. “परवाच्याला हळद हाय. येवल्याहून आणलेलं कापड, त्यातलं काय पुन्हा मिळायचं न्हाई.”

एरवी शिवणीच्या आत थोडं जादा कापड दाबलेलं असतं, ते उसवून सोडता येतं. पण या दोन ब्लाउजना बगलेपर्यंत जरीचं आरीकाम होतं आणि आत सोडायला काही ठेवलेलंच नव्हतं. मॅडमनी मापाची वही मागवली. तनुजाच्या नावापुढे लिहिलं होतं, छाती छत्तीस. मुक्ताईपुढे चौतीस.

“अक्षर तुझं आहे, ऋतुजा.”

माझंच होतं. माप घेताना दत्तोबा मास्तर आकडा सांगायचे आणि मी लिहायचे. पत्र डोळ्यांसमोरून निघालेलं मला दिसलं.

“पोरीनं बरोबर लिहिलंय,” मागून आवाज आला. दत्तोबा मास्तर कटिंगच्या टेबलापासून उठून आले होते. “मीच चुकीचं मोजलं. नजर गेली आता माझी.”

त्या वहीत शेवटचा एक रकाना होता, ‘चूक’. ज्याची चूक त्यानं आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं, ही ‘घडी’ची रीत. सोजरबाईंचं नाव त्यात चारदा होतं आणि मॅडमचं स्वतःचं सहादा. मास्तरांचं एकदाही नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दोन्ही ओळींपुढे सावकाश लिहिलं, ‘दत्तोबा’.

आणि मला कळलं की मास्तर खोटं बोलतायत.

२

कसं कळलं ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात मी एका कुर्त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. मास्तरांनी त्या उचलून पाहिल्या, म्हणाले, “उजव्या हाताला राग येईल,” आणि उरलेल्या कापडातून गुपचूप एक उजवी काढून दिली. चूकच्या रकान्यात काही लिहू दिलं नाही. शिकाऊ माणसाचं नाव त्यात घालायचं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी मला शेजारी उभं केलं. कातरी कशी धरायची, खडूची कोर कशी काढायची, माप घेताना समोरचीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण कुठे बघायचं, सगळं त्यांनी शिकवलं. कॉलेजात पुढे जे शिकेन ते शिकेन, पण पाया मास्तरांचा, हे मी आजही कुणालाही सांगते.

आणि हे मास्तर माप डोळ्यांनी घ्यायचेच नाहीत. त्यांची टेप कापडी, चाळीस वर्षांची. पितळी टोक झिजून गुळगुळीत झालेलं आणि निम्मे आकडे पुसलेले. अंगठा फिरवून ते आकडा सांगायचे आणि तो बरोबर निघायचा. मला ती टेप बघवेना, म्हणून अक्षय तृतीयेला रविवार पेठेतून मी त्यांच्यासाठी नवी, न ताणणारी टेप आणली. त्यांनी तिला कुंकू लावलं, मग बराच वेळ नुसती हातात धरून बसले. जुनी टेप त्यांनी भिंतीवरच्या त्यांच्या उस्तादांच्या फोटोला हारासारखी घातली. त्या दिवसापासून नवी टेप त्यांच्या गळ्यात आली.

ज्या माणसाला माप घ्यायला नजर लागतच नाही, त्याची नजर गेली म्हणून माप कसं चुकेल?

पण मॅडमना हे कोण सांगणार? सुशीलाबाई गेल्यावर त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “मास्तर, मला तुमचं वय दिसत नव्हतं असं नाही. मी बघत नव्हते, एवढंच. एक तारखेपासून कटिंग आमोद मशीनवर घेईल. तुम्ही आता आराम करा.”

मास्तर म्हणाले, “बरं.” आणि खडूचे तुकडे डबीत भरायला लागले.

“मॅडम, मला उद्यापर्यंत वेळ द्या,” मी म्हणाले. “मास्तरांची चूक नाहीये.”

“मग कुणाची आहे?”

“शोधते.”

“पोरी, गप बस,” मास्तर म्हणाले. इतक्या आठवड्यांत ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले होते.

३

संशय घ्यायला सगळ्यात सोपा होता आमोद. मॅडमचा भाचा, पुण्यातल्याच कुठल्याशा कोर्सचा पदवीधर, लॅपटॉपवर पॅटर्न काढणारा. मास्तर गेले की टेबल त्याचं. वहीतला आकडा खोडून एक कमी करायला कितीसा वेळ लागतो?

“रिलॅक्स, मी व्हिलन नाहीये,” तो कॉफी ढवळत म्हणाला. “मी रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढतो, डेटा म्हणून. हा बघ.”

त्यानं मोबाईल पुढे केला. सुशीलाबाईंची आणि दोन्ही मुलींची मापं एकाच दिवशी घेतली होती, अक्षय तृतीयेच्या आठवडाभर आधी. फोटोतही छत्तीस आणि चौतीसच होते. सूनबाई बेंगळुरूहून उशिरा आली, तिचं माप दहा-बारा दिवसांनी घेतलं होतं. तेही जसंच्या तसं.

“आणि खरं सांगू?” आमोद म्हणाला. “मशीन कापतं गं. पण कुठल्या खांद्याला किती उतार द्यायचा ते मास्तरांच्या डोक्यात आहे. ते गेले तर माझाच लॉस आहे. मी मावशीला आत्ताच म्हटलं, घाई करू नकोस.”

त्याला खलनायक व्हायची संधी होती आणि त्यानं ती वाया घालवली. मी सोजरबाईंकडे वळले. त्या स्टुडिओत शिवण आणि हूक-काज बघायच्या. शिवण जरा आत घेतली की ब्लाउज तोकडा.

“या, इन्स्पेक्टरीणबाई,” त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं. “बेड्या आणल्यात का, का माझ्याच दोऱ्यानं बांधणार?”

“सोजरबाई, मास्तरांसाठी विचारते.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी तनुजाचा ब्लाउज ओढून घेतला आणि बगलेची शिवण चार बोटं उसवून माझ्यापुढे धरली. आत खडूची रेघ अजून होती आणि शिवण बरोबर तिच्यावरून गेलेली होती. केसाएवढीही इकडे-तिकडे नाही.

“मास्तरांच्या रेघेवरून मी गेली बावीस वर्षं चालते,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा वारला तेव्हा या माणसानं मला सुई हातात दिली. त्यांचं वाईट मी करीन?” मग डोळे पुसून लगेच म्हणाल्या, “आता उसवलेलं शिवायचं कुणी, तुझ्या आत्यानं?”

मी नवी टेप लावून ब्लाउज मोजला. वहीतल्या मापाप्रमाणे कापड जसं यायला हवं तसंच आलं होतं. म्हणजे लिहिणारी बरोबर, कापणारा बरोबर आणि शिवणारीही बरोबर. तरी ब्लाउज इंचभर कमी.

उरल्या फक्त मुली. दोघी एकदम जाड झाल्या असतील का? ते कळायला लोहगावला जावं लागणार होतं.

४

विश्रांतवाडीहून लोहगाव जवळच. मास्तरांची नवी टेप घेऊन सकाळी आठला मी सुशीलाबाईंच्या दारात उभी राहिले. मांडव पडला होता. ओट्यावर बायका पापड मोजत होत्या, आणि “मॅडमकडची पोरगी आली” म्हणून मला आधी आमरसाची वाटी मिळाली. मी मनात तिची पुराव्यात नोंद केली.

“खरं सांग, किती वाट्या झाल्या?” मी तनुजाला विचारलं.

“टोमणा कळला,” ती म्हणाली. “पण नाही गं. हे बघ.” तिनं कपाटातून दिवाळीचा ब्लाउज काढला. तोही मास्तरांनीच शिवलेला, सहा महिन्यांपूर्वीचा. घातला. हूक एका झटक्यात लागला.

मी तिच्या छातीचं माप घेतलं. जवळजवळ सदतीस. वहीत छत्तीस. मुक्ताईचं पस्तीसला थोडं कमी, वहीत चौतीस. अंग बदललं नव्हतं, मग वहीतलाच आकडा मुळात इंचभर कमी होता. म्हणजे माप घेतानाच चुकलं होतं. म्हणजे मास्तर खरंच चुकले होते? मी त्यांना सोडवायला आले होते आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावाच माझ्या हाताला लागला होता.

सुशीलाबाई दारात उभ्या होत्या. “सोजरबाईंचा फोन आलता, मास्तरांना काढणार म्हनं?” त्यांनी विचारलं. “त्यांला सांग, आमची काय तक्रार न्हाई. माझ्या लग्नाचा ब्लाउजबी त्यांनीच शिवला होता. पोरी काय, दुसरा घालतील.”

“मावशी, तुमचंही माप घेऊ का?” मी विचारलं. का विचारलं ते आजही नक्की सांगता येत नाही. बहुतेक त्यांचा आवाज ऐकून त्यांच्या जवळ जावंसं वाटलं असेल.

त्यांनी पदर सावरून हात वर केले. मी टेप लावली आणि आकडा वाचला. पुन्हा लावली, पुन्हा वाचला. त्रेचाळीस.

वहीत सुशीलाबाईंपुढे बेचाळीस होतं. मुलींसारखंच त्यांचंही माप इंचभर कमी लिहिलेलं होतं.

पण त्यांचा ब्लाउज चपखल बसला होता.

५

पीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी ती गोष्ट उलटसुलट करून पाहिली. चुकीच्या मापावरून बरोबर ब्लाउज कसा निघतो? आणि तेच चुकलेलं माप, त्याच माणसाच्या हातून, मुलींच्या वेळी चुकीचा ब्लाउज का देतं? आई आणि मुली यांच्यात फरक काय होता?

आमोदला फोन केला. “वहीत कापल्याच्या तारखा आहेत ना? चौघींच्या वाचून दाखव.”

त्यानं वाचल्या. सुशीलाबाईंचं कापड तयार होतं, म्हणून माप घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कापलं. मुलींचं येवल्याहून यायचं होतं, ते पुढच्या आठवड्यात आलं आणि मग कापलं. सुनेचं माप आणि कटिंग दोन्ही त्याच्याही नंतर.

“मध्ये काय झालं होतं?” मी मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या आजोबांना वाटलं त्यांना विचारलं. “मध्ये अक्षय तृतीया झाली,” ते म्हणाले. “आता पुढचा सण वटपौर्णिमा.”

मी त्या आजोबांची जन्माची ऋणी आहे.

स्टुडिओत जेवणाची वेळ होती. मास्तर टेबलाशी नव्हते. मी स्टुलावर चढून उस्तादांच्या फोटोवरची जुनी टेप उतरवली, फोटोला नमस्कार केला आणि ती टेबलावर सरळ पसरली. तिच्याशेजारी नवी पसरली. टोकं जुळवली आणि हात फिरवत पुढे गेले. दहा इंचांपर्यंत दोघी जवळपास बरोबरीनं चालल्या. वीसच्या पुढे जुनीचा आकडा नवीच्या मागे पडायला लागला. जुनीचा छत्तीस आला तिथे नवीचा सदतीस जवळजवळ आलाच होता, आणि जुनीच्या बेचाळीसशेजारी नवीचा त्रेचाळीस.

चाळीस वर्षं ओढून ओढून ती टेप लांबली होती.

मास्तर तिनं माप घेत होते तेव्हा आकडा इंचभर कमी येत होता. आणि कापतही तिनंच होते, त्यामुळे कापड इंचभर जास्त पडत होतं. चुकीनं चूक फिटत होती आणि चाळीस वर्षं प्रत्येक कपडा बरोबर बसत होता. सुशीलाबाईंचं माप आणि कटिंग दोन्ही जुन्या टेपनं झालं, म्हणून बसला. सुनेचं दोन्ही नवीनं झालं, म्हणून बसला. मुलींचं माप जुनीनं घेतलं आणि कापड नवीनं कापलं.

मधल्या काळातला असा तिसरा एकच कपडा वहीत होता, एक ढगळ कुर्ता. त्यात इंच कुणाच्या लक्षातही आला नव्हता.

गुन्हेगार सापडला होता. विश्रांतवाडीला राहत होता आणि त्यानं रविवार पेठेतून एक टेप आणली होती.

६

मी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. दोन टेपा पसरलेल्या होत्याच. सांगताना एकही पायरी गाळली नाही. शेवटी म्हणाले, “मॅडम, ही चूक माझी आहे. मी हौसेनं मध्येच टेप बदलायला लावली. मास्तरांना ठेवा. पत्र नाही दिलंत तरी चालेल.”

हे म्हणताना मला आई दिसत होती, इंजिनिअरिंगचा अर्ज हातात घेतलेली. तरी म्हणाले.

मॅडम मास्तरांकडे वळल्या. “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“हूक लागेना तेव्हाच कळलं,” मास्तर म्हणाले. “घरी जाताना फोटोपाशी थांबून वितीनं मोजली. लांबली होती.”

“मग बोलला का नाहीत?” मी जवळजवळ ओरडलेच.

ते जरा वेळ नव्या टेपची गुंडाळी करत राहिले. “चाळीस वर्षं लोकांना नवे कपडे शिवून दिले,” ते म्हणाले. “माझ्यासाठी दुकानात जाऊन, निवडून, कुणी काही आणलं नव्हतं. तू आणलंस. त्यानंच घात झाला असं तुझ्या तोंडावर सांगू? तू जन्मात पुन्हा कुणाला काही दिलं नसतंस. आणि पोरी, तुझी टेप खरीच होती. खोटी माझी होती. मला चाळीस वर्षं पत्ता नव्हता.”

मी रडले, ते लपवत नाही. सोजरबाईही रडत होत्या, पण त्यांनी जरीची धूळ डोळ्यांत गेल्याचं जाहीर केलं.

मॅडमनी वही उघडली. “मास्तर, तुमचं नाव खोडते मी.”

“खोडू नका. वही घाण होते.”

“मग माझं लिहा,” मी म्हणाले.

“शिकाऊ माणसाचं—” मास्तरांनी सुरुवात केली.

“दोन बाह्यांच्या वेळी शिकाऊ होते,” मी म्हणाले आणि ‘दत्तोबा’च्या शेजारी, दोन्ही ओळींत, ‘ऋतुजा’ लिहिलं. मला आजवर इतका अभिमान कुठल्याच सहीचा वाटलेला नाही.

“झालं असेल तर ब्लाउज बघायचे का?” सोजरबाई म्हणाल्या. “हळद उद्यावर आली.”

मास्तर गिऱ्हाइकाच्या कापडाचं कातरण कपडा घरी जाईपर्यंत टाकत नसत, नावाच्या पिशवीत ठेवत. लोहगावच्या पिशवीत येवल्याच्या रेशमाच्या चिंध्या होत्या. त्यांतून त्यांनी दोन्ही ब्लाउजच्या बगलांत घालायला निमुळत्या पट्ट्या काढल्या, सोजरबाईंनी जोडावरून जरीची वेल फिरवली, आमोदनं चहा केला आणि मी सुया ओवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजाचा हूक लागला. सुशीलाबाई म्हणाल्या, “आधीच्यापरीस हेच झ्याक दिसतंय,” आणि आम्हा सगळ्यांना लग्नाचं आवतण देऊन गेल्या. मॅडमनी एक तारखेचं पुन्हा नाव काढलं नाही. आमोद मात्र रोज लॅपटॉप घेऊन मास्तरांशेजारी बसायला लागला, आणि मास्तर रोज सकाळी नवी टेप लोखंडी पट्टीवर ठेवून तपासायला लागले.

७

शेवटच्या दिवशी मॅडमनी पत्र दिलं. मी ते बसमध्ये वाचायचं ठरवलं होतं, जिन्यातच वाचलं. ‘चूक शोधते आणि ती स्वतःची निघाली तरी सांगते,’ असं त्यात एक वाक्य होतं. बाबांनी ते पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचून दाखवलं. मग एक दिवस आईनंच फॅशनच्या कॉलेजचा अर्ज आणला.

पण निघताना मास्तरांनी हाक मारली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात ठेवलं. उघडलं तर जाकीट, स्टुडिओतल्या सुती कापडांच्या उरलेल्या तुकड्यांचं, रंगाला रंग नीट जुळवलेले, काजं सोजरबाईंच्या हातची. मी तिथंच घातलं. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर आणि बटण पहिल्या फटक्यात लागलं. कुठे एक सूतही कमी-जास्त नव्हतं.

“मास्तर, माझं माप कधी घेतलंत?”

“घेतलंच नाही.”

“मग? जुन्या टेपनं की नव्या?”

“कुठलीच लावली नाही. आठ आठवडे समोर उभी होतीस, बघत होतो.”

मागून सोजरबाईंनी दोरा दातांनी तोडला.

“नजर गेली म्हणे,” त्या म्हणाल्या.